शेवटच्या रसाचा तवा

देवनहळ्ळी, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप हणमंतअण्णांस,
जमनाचा शि. सा. न. वि. वि.

लोखंड ओतायच्या फौंड्रीतल्या हातोड्यांनी तुझे कान नेले. फोनवर मला ओरडावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

अण्णा, धुराच्या तक्रारीवर माझीही सही आहे. आमच्या लेआउटमधले, या नव्या वसाहतीतले लोक कागद घेऊन दारात आले तेव्हा अक्षरा खोकून खोकून निळी पडली होती. सहा वर्षांची नात रे माझी! सूनबाई रम्या रडत होती. कागद तुझ्याच भट्टीबद्दल आहे हे ठाऊक असून सही केली. वाटलं, फार तर चिमणी उंच करायला लावतील. भट्टीच बंद करायला लावतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू ती पेटवलीस तेव्हा इथे नुसते द्राक्षांचे मळे होते, मागून येऊन बसलो ते आम्ही.

हव्या तेवढ्या शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
जमना

बनशंकरी, १५ फेब्रुवारी

चि. जमनास अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, मला कधीच कळलं होतं. भट्टी बंद करायच्या नोटिशीला तक्रारीची नक्कल जोडली होती. सगळ्या कन्नड सह्यांत एकच मराठी, तीही तुझी कोंबडीचे पाय! तुझ्या वहिनीला तो कागद दाखवला नाही.

राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवलो नाही. पण विजेची भट्टी घे म्हणून सगळे सांगत होते, मीच आज-उद्या करत राहिलो. आता अडुसष्टाव्या वर्षी नवं कुठे मांडू?

सोमवारी शेवटचं लोखंड ओतलं. पंपाच्या भागांचे साचे भरून वितळल्या लोखंडाचा स्वल्प रस उरला, त्याचा तुझ्यासाठी दोशाचा तवा ओतला. पाठवतोय. पहिले दोसे चिकटतील, वैतागू नकोस.

अक्षराचा खोकला थांबला की लगेच कळव. मग भट्टी विझल्याचं मला काही वाटणार नाही.

तुझा,
अण्णा

देवनहळ्ळी, २० मार्च

तीर्थरूप अण्णांस,
जमनाचा नमस्कार.

तवा पोचला. पाच दोसे चिकटले, सहावा अलगद सुटला. तो अक्षराने खाल्ला.

खोकला थांबला असं लिहून दोन कागद फाडले. एकदा तुझ्यापासून लपवलं, आता नको. अण्णा, भट्टी थंड होऊन महिना झाला, खोकला तसाच आहे. डॉक्टरांनी परवा विचारलं, घराजवळ धूळ उडवणारं बांधकाम चालू आहे का? चारही बाजूंनी चालू आहे. आमचं घरसुद्धा तसंच उभं राहिलं ना रे!

एकदा ये. दोसा करीन. काही बोलू नकोस, नुसता जवळ बस. या बहिणीवरची माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
जमना