नानासोंच्या जागी आलेलं नाव

न विचारता माझ्या कॉम्प्युटरला हात लावला, आणि वर फोनवर धड बोलत नाही, असल्या पुतण्याला काय म्हणायचं? त्याचं पुढं लिहिते. मी अंबूबाई नानासो घाडगे, वय ५३, राहणार रहिमतपूर, शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, दमदाटी मीच करते. माझ्या मागं काय कुणाचं, ते या कागदानं ठरवते.

माझे मालक नानासो फौजेत सिग्नलला होते. पेन्शनीत आल्यावर पेठेत खोली घेऊन लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम घालून द्यायला लागले. मलाही त्यांनीच शिकवलं. नियम दोन. नवख्या माणसाचं नाव त्याच्याच हातानं टाईप करून घ्यायचं. आणि काल निघालेली आवृत्ती आज कुणाला द्यायची नाही. मुरलेली, स्टेबल, तीच घालायची. "अंबू, लोकांना रोज सुरू होणारा कॉम्प्युटर पायजे, नवा न्हाई," म्हणायचे.

तीन वर्षांमागं ते गेले. तेव्हापासून मी जिथं जिथं स्टेबल घातलं, तिथं चालू करताना गिऱ्हाइकाच्या नावाखाली दुसरं नाव उमटतं: नानासो. मी टाईप केलेलं नाही. कोण शेवटचं कधी आलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो, ती बघितली, तर रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्यांची चहाची वेळ. शेजारी शिलाईकाम करणाऱ्या दिलशादच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा दिसलं. ती म्हणाली, "आवं वैनी, दादा अजून ड्यूटीवर हायत." मी म्हणलं, "असू दे. तू कापड शिव." कुणीच ते नाव पुसलं नाही.

१) राहतं घर आणि पेठेतली खोली पुतणी शिवांजली हिला. पेनड्राईव्हची पत्र्याची पेटी आणि स्क्रू ड्रायव्हरही तिचेच. अट एकच, वरचे दोन नियम मोडायचे नाहीत. आणि गिऱ्हाइकाला "एवढंबी येत न्हाई का?" म्हणायचं नाही. तो हक्क फक्त माझा होता.

२) दीर आप्पासो तेराव्यालाच म्हणाले होते, "चौथी शिकलेली बाई काय कॉम्प्युटर चालवणार?" त्यांना एन्टरचं बटण नसलेला कीबोर्ड. बडवत बसा.

३) दिलशादच्या कॉम्प्युटरवर नवीन काहीही घालायचं नाही. तिनं मागितलं तरी नाही.

४) आता वीरधवल, शिवांजलीचा भाऊ, इस्लामपूरला नोकरीला. नोव्हेंबरात मी चार दिवस महाबळेश्वरला बहिणीकडं गेले, तेवढ्यात यानं खोलीतल्या कॉम्प्युटरवर सगळ्यात नवी आवृत्ती घातली. फोनवर सांगतो, "काकी, किती जुनं वापरता? कालच निघालंय, लय फास्ट हाय!"

परत येऊन चालू केला. नानासो नाहीत. त्या जागी अंबूबाई. अकरा वर्षं त्या कॉम्प्युटरवर मी मालकांच्याच नावानं बसते, माझं नाव कधी घातलेलंच नाही. शेवटचं कधी आली ते बघितलं. १२ जानेवारी २०२६, चार वाजून दहा मिनिटं.

आत्ता डिसेंबर चालू आहे. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल म्हणून आतला सेल बदलला. घड्याळ बरोबर आहे. पुसायला बसले, आणि तशीच उठले. पुसूनही तेच उमटलं तर काय करू? आणि त्याच दिवसापासून दिलशादकडंही नानासो यायचे थांबलेत.

वीरधवलला तीनदा फोन केला. "काकी, मिटिंगमधी हाय," म्हणून ठेवून देतो. त्याला काय द्यायचं ते त्याच्या उत्तरावर.

हे सगळं माझ्या हातानं लिहिलं, दोघांसमोर वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: अंबूबाई नानासो घाडगे
साक्षीदार: १) दिलशाद रमजान मुल्लाणी, शिलाईकाम. २) कोंडीबा शेडगे, चहावाले. (खोलीवर अजून दोन कप आणतात. कितीदा सांगितलं एक आणा.)
ठिकाण: रहिमतपूर, जि. सातारा. ता. ९ डिसेंबर २०२५

वीरधवल, याची झेरॉक्स तुला पाठवते. एवढंच सांग: माझं नाव तू टाईप केलंस का? केलं असशील तर दोन मुस्काटात खा, आणि काकांचं मनगटी घड्याळ तुझं. केलं नसशील तरी सांग. समोर येऊन, तोंडानं. शनिवार, १० जानेवारीच्या आत.