पोरीचे सोमवार

माय,

काल पोरीचे रिपोर्ट आले. साखर, चरबी, लिव्हर, थायरॉइड, मिळून अठराशे रुपये. पाचोऱ्याहून जळगावला जायचं भाडं वेगळं. आणि सगळं नॉर्मल. आनंद व्हायला हवा होता, पण मला पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटलं. अकरा वर्षांची तुझी नात, तुझा बांधा मला, माझा तिला, आणि रक्तात एक दोष सापडू नये?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, अंगकाठी घराण्यातून येते. वजन जास्त आहे, पण आज तब्येत चांगली आहे. रोज सायकल चालवते, वेळेवर झोपते, त्याचाही गुण असेल. मात्र पुढेही असंच राहील असं नाही, दरवर्षी तपासा. पण हिचं तोंड का सुकलंय?" पोर म्हणाली, "माझे सोमवार असतात. गुरुवारपण. चतुर्थी पण." "कशासाठी गं?" "आईला माहीत." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली जपाची माळ पिशवीत सरकवली.

देवाचं नाव पुढे केलं की पोरीला भूक लागली म्हणता येत नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले. धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे, तू भावाच्या खिचडीवर तूप सोडते आहेस, माझा निर्जळी उपास. शेजारणी बसल्यात आणि तू म्हणतेस, "हाई पोर शे का कनगी? हिले कोन करी?" मी म्हणजे धान्याची कणगी, मला कोण करून घेणार. तुझं स्वतःचं लुगडं तुला पुरत नव्हतं, तरी सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस. मीही पोरीला तिच्या मैत्रिणींदेखत म्हटलं, "हळू बस, पलंग नवा आहे." आणि हसले.

काल ताट वाढून मी तिला म्हटलं, "जेव, आजपासून उपास बंद." ती म्हणाली, "तू आत जा. मग जेवते." मी आत जाऊन कान देऊन बसले. ताट वाजलंच नाही.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागितलीस, दोनदा. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तुला एकदा तरी उपाशी बघायचं होतं मला, आणि बघून बरं वाटलं होतं. पाकीट आणलेलं नाही, पत्ता तरी कुठला घालू? पण तू ते ओळखलं होतंस का, तेवढं परतीच्या टपालानं कळव.