उसवलेली पोटरी

१८ जून

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, हे आधीच लिहिते; नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचायला घेशील. फोनवर तू रडतेस आणि मी थापा मारते, म्हणून हा कागद.

गर्भपिशवी काढली, तिच्याबरोबर कॅन्सरची गाठही गेली. बाकीचे रिपोर्ट स्वच्छ आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात.

आता पायाचं. ऑपरेशन लांबलं आणि तेवढा वेळ माझे पाय वर आधाराला बांधून ठेवलेले. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा डावी पोटरीच ठणकत होती. मी आपली गप्प. जन्मभर पायाने शिलाई मशीन मारणाऱ्या बाईची पोटरी दुखली, त्यात नवल ते काय! सिस्टरने विचारलं, "कुठे दुखतंय?" मी म्हटलं, "पोटाचं बघा, पाय आमचे हे चेपतील." यांनी हात लावला मात्र, मी अशी किंचाळले की सिस्टर पळतच आली.

पाय वर राहिल्याने पोटरीला रक्त कमी पोहोचलं होतं. खाली आणल्यावर आत सूज चढली, पण वरचं आवरण काही सैल होईना. ब्लाउज घट्ट झाला की आपण काय करतो? उसवतो. डॉक्टरांनीही पोटरीला चीर देऊन तेच केलं आणि जखम काही दिवस उघडीच ठेवली. शिवायला माझे हात नुसते शिवशिवत होते. असं क्वचितच होतं म्हणे. एरवी कधी लॉटरी लागली नाही, इथे बरा नंबर लागला!

मशीन सुरू केलं, असं मी तुला सांगितलं ना? ते खोटं होतं. त्या सुजेत नस दबली, आता माझं पाऊल वर उचलत नाही. मी पुढे जाते, चप्पल मागे राहते. परवा हे म्हणाले, मशीनला मोटर बसवू. मी त्यांच्यावर खेकसले आणि मग खूप रडले.

तू घाबरशील म्हणून हे पावलाचं लपवलं. पण पोटरीचं ऐकल्यापासून तू तुझ्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलतेयस, असं भाऊजींनी सांगितलं. गाठ तुझीही तीच आहे, ताई. ती काही तारखेची वाट बघत बसणार नाही. माझ्या पायाचं निमित्त करू नकोस. पाय अधू झाला, पण मी आहे. मला तूही हवी आहेस.

शुद्धीवर आलीस आणि पाय दुखला तर सरळ बोंब मार. सोसायची आपल्या घरची खोड घरीच ठेवून जा. तू विसरलीस तर मी ओरडेन. तुझ्या ऑपरेशनला मी येतेय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चप्पल फरफटताना ऐकू आली की समज, मीच आहे.

तुझी,
एक पाय ओढत का होईना, पण असलेली
धाकटी