आवाजाचे सेल

३ जानेवारी
घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. आता गळ्याला यंत्र लावलं की बोलता येतं — बटण दाबायचं, ओठ हलवायचे. आवाज यंत्राचा! सपाट, घरघरता. बायको, मरिया, ऐकून हसली नाही. उठून आत गेली.
सोबत आलेला सेल पाऊण तासात मान टाकतो. माझ्याकडे वेपचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे, दोन पडून आहेत, त्याच मापाचे. सिगारेट सुटावी म्हणून वेप घेतलं होतं. सुटली कसली — दोन्ही ओढत राहिलो.

५ जानेवारी
निळा सेल जुना, हिरवा पाकीटबंद. हिरवा तीनदा पूर्ण चार्ज केला, तीनदा रिकामा केला. विकणारा म्हणाला होता, "आता ह्याची गरज नसते, सर." पण मला चैन पडत नाही.
मग पेपर मोठ्यानं वाचत बसलो. निळा एक तास पाच मिनिटं, शेवटी आवाज बसत जातो. हिरवा दोन तास वीस!
मरिया म्हणाली, "पुरे हो! कांद्याच्या भावाची बातमी तिसऱ्यांदा वाचताय."
हिरवाच न्यायचा. कोल्हारला आईकडे जायचंय. तिला ऑपरेशनचं कळवलं नाही, दोन महिने फोनही नाही. तिला दिसत नाही. तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज.

१२ जानेवारी
जोएल, माझा धाकटा भाऊ, तिला म्हणाला, "आई, एलिया आलाय." मी यंत्र लावून "आई" म्हणालो. तिनं हात मागे घेतला.
"कोन हाय ह्यो?"
"आगं, एलियाच. घशाचं ऑपरेशन झालंय त्याचं."
"आंधळी हाय म्हनून चेष्टा करता व्हय? माझा एलिया चर्चमधी गायचा!"
रडायला लागली. जोएलनं मला बाहेर आणलं.

१३ जानेवारी
यंत्र हातात घेतलं नाही.

१९ जानेवारी
पुन्हा गेलो. "कोन?" म्हणाली. मी — देवा, क्षमा कर — म्हणालो, "एलियाचा मित्र. त्यानं पाठवलंय."
जोएल दारात मान खाली घालून उभा.
"कसा हाय त्यो?"
"बरा आहे. तुमची फार आठवण काढतो."
आयुष्यात पहिल्यांदा आईला 'तुम्ही' म्हणालो. तिनं बसायला सांगितलं, जोएलच्या बायकोला चहा ठेवायला लावला. दीड तास बोललो! मी लहानपणी नदीत वाहून जाता जाता कसा वाचलो, ते मलाच सांगितलं. हिरवा शेवटपर्यंत टिकला. परतताना एसटीत हलकं वाटत होतं.

९ फेब्रुवारी
'मित्र' म्हणून चौथा रविवार. नवा पिवळा सेल तीनदा चार्ज करून नेला. अडीच तास! हिरव्यापेक्षा दहा मिनिटं जास्त. आई आज कमी बोलली. थकली असेल.

२० फेब्रुवारी
आई गेली. माती झाल्यावर जोएलला विचारलं, शेवटी काही म्हणाली का. टाळत होता. मग म्हणाला,
"म्हनली, एलियाला सांगा, मानसं नको धाडू म्हनावं. सोता येत न्हाई त्यो, तर मला त्याची गरज न्हाई."