केसरचा भाऊ

श्रीवर्धन, ४ नोव्हेंबर १९५६
सरकारी डॉक्टरची नोकरी, तीही समुद्रकाठी! दवाखान्यामागे सुपारीची वाडी आहे आणि कंपाउंडर बुधाजी सकाळीच ताजी सुरमई घेऊन हजर. पुण्याच्या मित्रांना जळवायला एवढं पुरे.

९ नोव्हेंबर
कोळीवाड्यातली तुळशी दहा महिन्यांच्या केसरला घेऊन आली. पोरीच्या माकडहाडावर मोसंब्याएवढी गाठ. वर केस, आत दातासारखं टणक काहीतरी. गुदद्वारातून बोट घालून तपासलं, तर गाठ आतही पसरलेली. टेराटोमाच, केस-दात उगवणारी जन्मजात गाठ. जन्मल्याबरोबर काढली असती तर पोर सहज वाचली असती. आता गाठ कर्करोगाकडे वळायची भीती. पुढच्याच आगबोटीने मुंबईला, माझ्या सरांकडे न्यायला हवं.
तुळशीची सासू आवडाबाई म्हणाली, ती गाठ न्हाय, पोरीचा भाऊ हाय. बारशाला त्याचंही नाव ठेवलंय म्हणे, सदू.

१६ नोव्हेंबर
आगबोट गेली, केसर इथेच. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. त्यांच्या घरी जाऊन पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! गाठ वाढली आहे आणि तिला काजळाची तीट लावली आहे. सदूला भूक लागते म्हणून आवडाबाई तिच्यावर दूध चोळते. केसर मात्र वाळत चालली आहे. तुळशी दुधाची वाटी धरून उभी होती. मला तिचाच जास्त राग आला.

२१ नोव्हेंबर
पुन्हा तपासलं. हाताखाली काहीतरी हललं. स्नायू असेल. बुधाजीनेही पाहिलं, तो आता त्या घरी यायला नाही म्हणतो. मलाही तिथे— असो.

२५ नोव्हेंबर
अखेर शस्त्रक्रियेला तयार झाले! देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवून कौल लावला, उजवी कळी पडली म्हणून. एवढं शिकलो, शेवटी काम केलं ते कळीने. उद्याची आगबोट. सरांना तार केली.

संध्याकाळी
तुळशी एकटीच आली, रडत. कौल कसला मागितला ते आत्ता सांगितलं. दोघांतलं एकच राहणार, तर ठेवायचं कुणाला? उजवी कळी सदूची होती.
केसरला इथे घेऊन ये म्हटलं. ती पळत गेली. अजून आली नाही. मीच निघतो.

२६ नोव्हेंबर
काल त्यांचं दार उघडलं नाही. आजही नाही. बुधाजीला पोलीस पाटलाकडे धाडलंय.

बाहेर कुणीतरी—
आवडाबाई. अंगणातून ओरडते आहे, "डागदर, तुमचा तरास वाचवला! पोऱ्याला मोकला केला!"
केसर कुठे, विचारलं. नुसती हसते.
मागे तुळशी. कडेवर टोपडं घातलेलं एवढंसं— केसर नाही. केसर एवढी लहान नव्हती.
पायरीवर बसली. त्याला पदराखाली घेतलं.
देवा, ते पितं—