दोन्ही बाह्या डाव्या

वेस्ट विंडसर,
२ मार्च २००३

ती. शुभाआत्यास,
देवयानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून रडता येत नाही, म्हणून हे पत्र. स्वीडिश-इंग्रजी शब्दकोशाच्या त्या नोकरीसाठी मला नमुन्याला एक क्रियापद दिलं होतं: शॅरा, म्हणजे कापणं. त्याला एकेक बारका शब्द जोडला की अर्थ बदलतो. शॅरा नेर म्हणजे खर्च कमी करणं, शॅरा तिल म्हणजे कापड बेतणं, आणि सॉस फाटला तरी त्यांच्याकडे शॅराच! मी मरमर करून इंग्रजी अर्थांची चार पानं भरली. संपादक लिंडक्विस्टबाईंनी ती परत पाठवली. म्हणाल्या, अर्थ सगळे बरोबर आहेत, पण त्यातला कुठला कधी उचलायचा ते वाचणाऱ्याला कळत नाही. ३१ मार्चपर्यंत शेवटची संधी दिलीय.

शिक्षण झाल्यावर इथे अमेरिकेत काम करायला मिळालेला वर्षाचा परवाना मे अखेर संपतो. ही नोकरी हुकली तर गाशा गुंडाळायचा. रूममेट कादंबरी म्हणते, सोड यार, आयटीत ये. पण मला हेच काम करायचंय गं.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
देवयानी

सांगली,
१५ मार्च २००३

चि. देवयानीस,
आत्याचे अनेक उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. अगं बाई, तू नुसती कात्रीकडे बघतेयस, कापडाकडे कोण बघणार?

एक गुपित सांगते. मी शिवणकाम नुकतंच सुरू केलं होतं तेव्हा तुझ्या आईचा, नीलाचा, लग्नातला ब्लाउज मीच शिवला. कात्री नवीकोरी. तिच्या धारेच्या कौतुकात कापड उलटवायला विसरले आणि दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या! जास्तीचं कापड नव्हतं. मग उजवी बाही कापडाची उलटी बाजू वर घेऊन शिवली. जवळून बघितलं तर जरीचे धागे लोंबताना दिसायचे. सत्तावीस वर्षं झाली, नीलाला पत्ता नाही. तोंडातून ब्र काढलास तर याद राख.

तेव्हापासून कात्री उचलण्याआधी विचारते, कापड कुठलं, कुणासाठी, कशासाठी. तूही आधी काय कापायचंय ते मांड: पाव, खर्च, कापड. अर्थ मागाहून लाव. आणि वेळेवर जेवत जा, मेली काडी झाली असशील.

लोभ आहे तो आहेच, वाढला तर तक्रार नाही.

शुभाआत्या

वेस्ट विंडसर,
१२ एप्रिल २००३

ती. आत्यास,
शि. सा. न.

मिळाली! आत्या, नोकरी मिळाली! तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी वस्तू मांडल्या. खर्च असेल तर हा अर्थ, कापड असेल तर तो, सॉस असेल तर तिसरा, आणि प्रत्येकाखाली एक वाक्य. लिंडक्विस्टबाई फोनवर म्हणाल्या, आता कसं सरळ कळतंय. परवान्याचे कागदही त्यांचं ऑफिसच करणार आहे. फोन ठेवला आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मनसोक्त रडले.

आता कबुली देते. कापड बेतण्याखाली उदाहरण हवं होतं आणि दुसरं काही सुचेना. मी लिहिलं, नव्या कात्रीच्या नादात तिने दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. बाईंनी इतर सगळीकडे लाल पेन चालवलं, पण त्या वाक्याला हात लावला नाही. तेच छापून येणार आहे. तुझं नाव कुठेही नाही, शप्पथ.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

देवयानी

सांगली,
२६ एप्रिल २००३

चि. देवयानीस,
अनेक उ. आ.

नोकरीचं वाचून जीव भांड्यात पडला, आणि बाह्यांचं वाचून परत बाहेर आला. कार्टे, सांगितलं होतं ना! तुझे बाबा ते पुस्तक गल्लीभर वाचून दाखवणार. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, म्हणून नीलासमोर जाऊन बसले आणि सगळं ओकून टाकलं.

ती मेथी निवडत राहिली. म्हणाली, वन्सं, मला मांडवातच कळलं होतं. म्हणून तर दिवसभर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसले, आणि तुमच्याकडची माणसं सून किती मर्यादेची म्हणून कौतुक करत होती!

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांना पाणीही. ब्लाउज तिने जपून ठेवलाय. ती बाही उसवून नीट करून देऊ का म्हटलं, तर म्हणाली, हात लावून तर बघा.

आमची आठवण असू दे, आणि पुस्तकाची पहिली प्रत नीलाच्या नावाने पाठव.

शुभाआत्या