पिवळ्या घराचा बोअर

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या मैत्रिणीने, उल्काने, आज ठरवूनच टाकलं. अ‍ॅरिझोना! फोनवर हॅलोसुद्धा नाही – "जयंती, आपण जमीन घेतोय. घरासकट. तू आणि मी, अर्धी-अर्धी."

मी हसले. ती हसली नाही.

गेल्या फेब्रुवारीत ती इथे टोरंटोजवळ, रिचमंड हिलला स्वतःच्याच ड्राइव्हवेवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत पाऊण तास बर्फात पडून होती. तेव्हापासून म्हणतेय, आणखी एक विंटर इथे काढणार नाही. मला वाटलं, नुसतं बोलणं आहे. आज तिने बावीस घरांच्या लिंक पाठवल्या.

"अगं, पण तिथे आपलं कोण आहे?"

"आणि इथे कोण आहे?"

माझा परीक्षित आहे – पण तो तिकडे लांब किचनरला. महिन्यातून एकदा येतो, ग्रोसरी ठेवतो, "आई, कॉल मी" म्हणतो आणि जातो. माझा नवरा वाल्मिक जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा सव्वा महिना रोज माझ्याकडे स्कारबरोला कोण येत होतं? उल्काच.

खरं लिहू? मला अ‍ॅरिझोनाची भीती वाटते. पण ती मला इथे ठेवून एकटीच गेली तर – त्याची त्याहून जास्त. म्हणून म्हटलं, "बघू या."

१२ नोव्हेंबर

साप, विंचू, धुळीतून फुप्फुसात जाणारी बुरशी, बॉर्डरवरची चौकशी. नको ते सगळं वाचून काढलं. उल्का म्हणते, "तू घर शोधतेयस की मरायची कारणं?"

१६ नोव्हेंबर, रविवार

उल्काच्या टीव्हीवर नकाशा लावून बसलो. बावीसची तीन झाली.

पहिलं उत्तरेला, डोंगरात, पाइनच्या झाडीत. सुंदर! पण तिथे बर्फ पडतो. उल्काने लगेच काट मारली – "शोव्हलच करायचं तर इथे काय वाईट आहे?"

दुसरं चाळीस एकर. वीज नाही, रस्ता नाही, शेजार नाही. हॉस्पिटल सव्वा तासावर. माझं तोंड बघून तिने तेही काढलं.

तिसरं म्हणजे पिवळं घर. टूसॉन शहरापासून दीड तास, पाच एकर, स्वतःचा बोअर, मागे निळे डोंगर. पुढच्या ओट्यावर दोन खुर्च्या. उल्का त्या खुर्च्यांकडे बघतच राहिली. म्हणाली, "ही तुझी, ही माझी."

मलाही आवडलं. आणि आवडलं म्हणूनच घरी येऊन त्यातल्या खोडी शोधायला बसले.

३० नोव्हेंबर, रविवार

एजंटने व्हिडिओ कॉलवर पिवळं घर फिरवून दाखवलं. दात खूप पांढरे त्याचे. मी म्हटलं, नळ सोडा. सोडला. मी मनात मोजत होते – सहा सेकंद! लगेच बंद करून पुढच्या खोलीत.

तीस वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये काढली मी. सहा सेकंदांत नळीत राहिलेलं पाणी येतं, बोअरचं नाही.

"पंप चार तास सलग चालवून दाखवाल का?"

"नो वरीज, मॅडम! वंडरफुल वॉटर!"

उल्काने टेबलाखालून मला पाय मारला.

६ डिसेंबर, शनिवार

आज असोसिएशनच्या हॉलमध्ये अभिवादनाचा कार्यक्रम. मेणबत्ती लावली, वंदनेला बसले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. रमाबाईंनी विचारलं, "बरं नाही का?" त्या आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, त्यांना काही लपत नाही. जमिनीचं सांगितलं.

"तुला जायचंय का?"

"उल्काला जायचंय."

"मी ते नाही विचारलं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला. सुटले!

१४ डिसेंबर

तिथल्या प्रत्येक बोअरला नोंदणी नंबर असतो. तो टाकला की सरकारी साइटवर माहिती दिसते. बघितली. आता वाटतं, बघितली नसती तर बरं झालं असतं.

पिवळ्या घराचा बोअर चारशे फूट खोल. खणला तेव्हा पाणी दोनशे दहावर होतं. त्यानंतर कुणीच मोजलेलं नाही. शेजारचा नवा बोअर गेल्या वर्षीचा – पाणी तीनशे नव्वदवर.

म्हणजे दहा फूट उरलंय. कदाचित तेही नसेल.

उल्काला सांगायला हवं. ती काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

१५ डिसेंबर

तेच म्हणाली. वर आणखी बरंच.

"तुला यायचंच नाहीये! सरळ सांग ना. आधी साप, मग बुरशी, मग बॉर्डर, आता पाणी! वाल्मिक गेले तेव्हापासून तू प्रत्येक गोष्टीला घाबरतेस आणि दरवेळी मला थांबवतेस."

"उल्का, आकडे बघ –"

"तुझे आकडे तुझ्याजवळ ठेव."

तिने फोन आपटला. तीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

सगळ्यात वाईट काय? ती म्हणाली त्यातलं अर्धं खरं आहे. बोअर कोरडा निघाला तर ती इथेच राहील, हा विचार माझ्या मनात आला होता. आकड्यांच्या आधी आला की नंतर, ते मलाच आठवत नाही.

१ जानेवारी

फोन नाही. मी केला, तिने उचलला नाही. उणे अठरा. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ.

१२ जानेवारी, सोमवार

उल्काचा मेसेज. एकच ओळ: "पिवळ्या घरासाठी एकटीच्या नावावर ऑफर दिली. मान्य झाली. तुला कळावं म्हणून."

तपासणीसाठी दहा दिवस असतात. म्हणजे बावीस तारखेपर्यंत नको म्हणता येतं. त्यानंतर घर गळ्यात. इथलं विकून ती तिथे जाणार, मोडलेला खुबा घेऊन, कोरड्या बोअरवर. आणि एप्रिलमध्ये नळ सोडेल तेव्हा शेजारी कोण असेल?

भीती वाटतेय. तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, कोण जाणे.

१३ जानेवारी

टूसॉनचं तिकीट काढलं. माझं. एकटीचं. कार्डाचा नंबर दोनदा चुकला.

परीक्षित – "आई, आर यू सिरियस? यू डोन्ट इव्हन टेक द फोर-ओ-वन!"

म्हटलं, तिथे हा फोर-ओ-वन हायवे नाहीये.

१६ जानेवारी, शुक्रवार

विमानात लिहितेय. टोरंटोच्या एअरपोर्टवरच अमेरिकेची तपासणी होते. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी चाललात? सगळी उत्तरं पाठ केली होती. तोंडातून आलं, "पाणी बघायला."

त्याने मान वर केली. "व्हॉट वॉटर?"

मग आतल्या खोलीत बसवलं. चाळीस मिनिटं. फोन बंद ठेवायला सांगितला. समोर एक म्हातारे सरदारजी बसले होते. ते हळूच म्हणाले, "घबराइए मत, बहनजी. मेरा तो हर बार होता है।" त्यांचेच हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले.

शेवटी सोडलं. वॉशरूममध्ये जाऊन उलटी केली. परत फिरावंसं वाटलं. पण परत जायचं तर त्याच खोलीवरून! म्हणून पुढे गेले. शौर्य वगैरे काही नाही.

१७ जानेवारी, शनिवार

जमेल तसं लिहून ठेवते.

भाड्याची गाडी घेऊन सकाळी निघाले. ताशी साठ मैलांचा रस्ता, मी पंचेचाळीसने. मागून ट्रक भोंगे मारत होते. मग डांबर संपलं, कच्चा रस्ता सुरू झाला, फोनची रेंज गेली. चारी बाजूंना काहीच नाही. इतकं आभाळ मी कधी पाहिलेलं नाही. आपण इथे मेलो तर गिधाडांना आधी कळेल, असं वाटलं. खरंच वाटलं.

पिवळं घर आलं. ओट्यावर त्या दोन खुर्च्या. फाटकाला कुलूप. शेजारच्या घरावर पाटी – आत येऊ नका – आणि पाटीखाली बंदुकीचं चित्र. एक कुत्रा जीव खाऊन भुंकत होता. मी गाडीत बसून राहिले. दहा मिनिटं तरी. मग भोंगा वाजवला. एकदाच, हळूच.

एक म्हातारी बाहेर आली. वेणी पांढरी, पायात पुरुषी बूट. नाव डोलोरेस.

"पिवळं घर बघायला आलीस ना? तू चौथी." इंग्रजीतच म्हणाली, पण माझ्या कानात मराठीच राहिलंय. "कुत्र्याला घाबरू नकोस, त्याला दात नाहीत."

मैत्रीण हे घर घेतेय असं सांगून मी पाण्याचं विचारलं. ती हसायला लागली, मग हसायची थांबली.

"मार्चपर्यंत थोडं थोडं येतं. मग पंप खोकायला लागतो. माझा बोअर दोन उन्हाळ्यांपूर्वी आटला, नवा खणावा लागला. पिवळ्या घरवाल्यांनी नाही खणला. घर दाखवायच्या आदल्या दिवशी टँकर येतो आणि मागची टाकी भरून जातो."

टँकर! तिसऱ्या देशात आले तरी हा शब्द काही पिच्छा सोडत नाही. नागपुरात लहानपणी टँकरच्या नळीखाली कळशी धरताना मी पाय मोडून घेतला होता.

"हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

"का नाही सांगणार? माझ्या शेजारी रडणारी माणसं नकोत मला."

सगळं रेकॉर्ड केलं. तिने तिच्या कुंपणावरून मागची टाकीही दाखवली, टँकरच्या चाकांच्या खुणाही. निघताना मला विचारते, "ही मैत्रीण तुझी कोण? इतक्या लांब आलीस म्हणून विचारलं."

मला रडूच आलं. तिने काही न बोलता कुत्रा माझ्याकडे ढकलला.

१८ जानेवारी, रविवार

परतीच्या वाटेवरच्या छोट्या गावात राहिले. सकाळी चालायला गेले तर गावाच्या कडेला एक मातकट, ठेंगणं घर. एक एकर. 'विकणे आहे'ची पाटी. डोंगर अर्धेच दिसतात, मध्ये धान्याचं गोदाम येतं. मालक बाहेर पंक्चर काढत होता. म्हणाला, बघा की.

गावाचं पाणी येतं, नळाने. मी घड्याळ लावून नळ सोडला. वीस मिनिटं उभी राहिले. धार बारीक झाली नाही. मालकाला वाटलं असेल, बाई वेडी आहे!

त्या वीस मिनिटांत एकदाही भीती वाटली नाही. हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

२० जानेवारी, मंगळवार

रिचमंड हिल. उल्काने दार उघडलं, पण वाटेतून हलली नाही. मी फोन तिच्या हातात दिला. डोलोरेसचा व्हिडिओ तिने दोनदा पाहिला. उभ्या उभ्याच.

"तू एकटी गेलीस?"

"हो."

"गाडी चालवत?"

"पंचेचाळीसने."

ती पायरीवरच बसली. मी पण बसले. थंडीत दार उघडंच राहिलं की आम्ही ठेवलं, आठवत नाही.

"मला तिथे जायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "मला फक्त इथे पुन्हा पडायचं नव्हतं. त्या पाऊण तासात मी किती ओरडले, तुला कधी सांगितलंच नाही. तुझ्यासमोर घाबरायचं कसं? घाबरायचं काम तुझं!"

दोघी हसलो. मग ती रडली. उल्का! तीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी एजंटला नकाराचं पत्र गेलं. "आता जमिनीचा विषय बंद," उल्का म्हणाली.

१ फेब्रुवारी

विषय बंद झाला. मला बरं वाटायला हवं होतं. तिच्या ड्राइव्हवेवर मीठ टाकायला रोज जाते. मुठीतून मीठ टाकताना त्या वीस मिनिटांचा नळ आठवतो.

कुणाला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

मातकट घर घेतलं. वाल्मिकच्या विम्याच्या पैशांतून. माझ्या एकटीच्या नावावर. सही करून दोन तास झाले तरी कागद पुन्हा पुन्हा वाचतेय.

उल्काला फोन केला. ती अगदी लहान आवाजात – "मला एक खोली देशील?"